बरणीवरची खूण

डॉ. प्रज्ञा ओव्हाळ हिला आयुष्यात दोन गोष्टींची पक्की खात्री होती. आपण केलेला रंग खोटं बोलत नाही, ही एक. आणि आपली आई खोटं बोलत नाही, ही दुसरी. २०४१ सालच्या मे महिन्यात या दोन्ही गोष्टी एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या, तेव्हा प्रज्ञानं शास्त्रज्ञांना शोभेल असंच केलं. ती रंगाची चौकशी करायला निघाली. आईला तिनं एकच प्रश्न विचारला, आणि नेमका तोच विचारायला नको होता.

पण आधी रंगाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

सायनाइन ही रंगांची एक जुनी जात. फोटो फिल्मवर निघायचे त्या काळात फिल्मला लाल उजेड कळावा म्हणून हे रंग वापरत. रेणूची बनावट साधी असते. दोन टोकांना दोन चपटी कडी, मध्ये कार्बनच्या अणूंची साखळी आणि अंगावर धन विद्युतभार. डीएनए म्हणजे पिळलेली शिडी, आणि तिच्या अंगावर ऋण भार. त्यामुळे हा रंग तिच्याकडे ओढला जातो आणि पिळात जी अरुंद खाच असते तिच्यात जाऊन बसतो. पाण्यात मोकळा असताना त्याची साखळी सारखी वळवळत असते आणि उजेडातून घेतलेली ऊर्जा त्या वळवळीतच जिरते. खाचेत अडकला की वळवळ थांबते, आणि तीच ऊर्जा चमक होऊन बाहेर पडते.

इथवरचं सगळं पाठ्यपुस्तकात आहे. गंमत पुढेच. यातले काही रंग खाचेत एकेकटे बसायला तयार नसतात. एक बसला की त्याच्या अंगाला अंग लावून दुसरा बसतो. ही जोडी बसली की खाच जराशी रुंदावते, आणि शेजारच्या जोडीला बसणं सोपं जातं. पंगतीचंही असंच असतं. पहिले दोन पाट भरायला वेळ लागतो, मग माणसं भराभर बसतात. रंगाची अशी पंगत बसली की चमक मावळते आणि निळ्याचा चक्क जांभळा होतो. त्याला यंत्र लागत नाही, सूक्ष्मदर्शक लागत नाही. नुसत्या डोळ्यांना दिसतं.

प्रज्ञानं या रंगाला एक कृत्रिम धागा जोडीला दिला. हा धागा एका ठरावीक माणसाच्या डीएनएशी चेनचे दात जुळावेत तसा जुळतो, आणि तो जुळला तरच रंगाला बसायला खाच तयार होते. माणूस कशालाही हात लावतो तिथे त्याच्या कातडीच्या पेशी राहतात. त्यावर फवारा मारला की त्या माणसानं शिवलेली जागा जांभळी दिसते, बाकी सगळं निळं राहतं. प्रज्ञाचे वडील एका साध्या ऑपरेशननंतर जंतुसंसर्गानं गेले होते. कोणाचे हात न धुता कुठे लागले हे ऑपरेशनच्या खोलीत दिसलं तर माणसं वाचतील, एवढाच तिचा हेतू होता. हेतू चांगला होता. वाईट हेतूनं कामाला लागणारी माणसं तशी थोडीच असतात.

पुण्याच्या कंपनीनं या फवाऱ्याला ‘खूण’ असं नाव दिलं. इस्पितळांनी वर्षभर खरेदीचा विचार केला, पण लोकांनी अजिबात विचार केला नाही. ज्याचा संशय आहे त्याचा उष्टा कप कंपनीकडे धाडायचा, ‘संबंधितांची संमती आहे’ हे बटण दाबायचं, की त्या माणसाच्या नावाची बाटली घरपोच. विक्री सांभाळणारा हर्षल दाबके एका बैठकीत म्हणाला होता, “मॅडम, आपला सगळ्यात मोठा ग्राहक कोण आहे माहितीये? स्वयंपाकघर. त्याखालोखाल देवघर.”

“देवघरात कसली चोरी होते?” प्रज्ञानं विचारलं.

“चोरी नाही हो.” हर्षल हसला. “लोकांच्या भावना असतात. कोण आत गेलं, कोणी पाण्याला हात लावला, कामाच्या बाईनं कुठला पेला घेतला. आपण कशाला खोलात जायचं?”

प्रज्ञा खोलात गेली नाही. वेड पांघरून पेडगावला जाणं शास्त्रज्ञांनाही चांगलं जमतं. शिवाय ती ओव्हाळ. कोणी कोणाच्या पाण्याला हात लावल्याचं दुःख नेमकं कसलं असतं, हे तिला हर्षलनं समजावून सांगायची गरज नव्हती. पण तिनं विषय बदलला आणि नव्या प्रयोगशाळेबद्दल विचारलं.

पंधरवड्यानं कऱ्हाडहून आईचा फोन आला. भर दुपारी आला, तेच पहिलं नवल. कैरीच्या दिवसांत दुपारच्या वेळी छायाबाईंना मान वर करायला फुरसत नसे.

“जेवलीस का गं?”

“आई, आज कामाला नाही गेलीस?”

“न्हाई. घरीच हाय.”

“बरं नाही का?”

“मला काय धाड भरलीय?” मग छायाबाई म्हणाल्या, “तुझी ती खूण लई भारी हाय, बाई. मला धरलं तिनं.”

वृंदा टेंबे आणि छाया ओव्हाळ यांचं नातं काय, हे कऱ्हाडात कोणीही सांगितलं असतं. तीस वर्षांपूर्वी टेंब्यांच्या परसात दोन बायका कैऱ्या फोडायला बसल्या, आणि त्यातून ‘टेंबे यांचं घरगुती लोणचं’ उभं राहिलं. नाव टेंब्यांचं, मसाल्याचा हात छायाचा. मोहरी किती फेसायची, मेथी कुठवर तळायची, हे छायानं ठरवायचं आणि वृंदानं मान डोलवायची. दोघी एका डब्यात जेवायच्या, एकाच किटलीतला चहा हाताला येईल त्या कपातून प्यायच्या. पाहुण्यांसमोर वृंदाबाई सांगत, “छाया म्हणजे माझा उजवा हात. आमच्याकडे जातपात कधी नव्हतीच.” आणि हे जवळजवळ खरं होतं. म्हणून तर पुढचं इतकं लागलं. वृंदाबाई छायाला ‘अगं’ म्हणत, छाया त्यांना ‘वहिनी, तुमी’ म्हणे. यातही कोणाला काही खटकत नसे.

फक्त एक बरणी होती. देवघरालगतच्या खोलीत पाटावर ठेवलेली, वृंदाबाईंच्या सासूबाईंच्या वेळची चिनीमातीची, तोंडाला पांढरा दादरा बांधलेली. तिच्यात जुना खार असे. दर मोसमाला नव्या घाण्यात त्यातला पळीभर खार जायचा आणि वर्षाअखेर नव्यातला पळीभर परत बरणीत. टेंब्यांच्या लोणच्याची चव त्या खारात आहे, अशी सगळ्यांची समजूत होती. ही बरणी फक्त वृंदाबाईंनी उघडायची, तीही न्हाऊन, धुवट साडी नेसून. छायानं परात घेऊन उंबऱ्याशी उभं राहायचं. हा नियम कोणी कोणाला सांगितला नव्हता. सांगितला असता तर त्यावर भांडता तरी आलं असतं.

यंदा पहिल्याच घाण्याला बुरशी आली.

प्रज्ञा संध्याकाळी घरी पोचली तेव्हा छायाबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. कैऱ्या फोडून बोटांना बारीक बारीक चिरा पडल्या होत्या, दर मोसमाला पडायच्या तशाच.

“नीट सांग,” प्रज्ञा म्हणाली.

“काय सांगायचं? घाणा नासला. वहिनी म्हणाल्या, बरणीला कुणाचा तरी हात लागला. आता इतक्या वर्सांत त्या खोलीच्या दाराशी मीच उभी असते. मग त्यांनी तुझा फवारा मागवला. माझ्या नावाचा. सगळ्या बायकांसमोर मारला, आन बरणीचा काठ असा जांभळा झाला बघ, वांग्यावानी.”

“तुझ्या डीएनएची बाटली? त्यांच्याकडे तुझं काय होतं?”

“माझा चहाचा कप.” छायाबाईंनी पदराचा काठ सारखा केला. “आमी दोघी कुठल्या बी कपातनं पितो. मी म्हणलं, वहिनी, माझाच कप कोणता हे तुमाला कळलं कसं? तर म्हणाल्या, त्या दिवशी मुद्दाम येगळा ठेवला व्हता. तीस वर्सांत पयल्यांदा माझा कप येगळा ठेवला.”

यानंतर एखाद्या शहाण्या मुलीनं आईचा हात हातात घेतला असता. प्रज्ञानं विचारलं, “आई, तू खरंच हात लावला नव्हतास ना?”

छायाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “न्हाई.”

“मग रंग चुकला. पण तो चुकत नाही. म्हणजे तिथं काहीतरी वेगळं आहे.” प्रज्ञा येरझारा घालू लागली. “बरणीच्या काठाला काय असतं, आई?”

“काय असणार? खार वाळल्याला असतो. मीठ.”

“मीठ!” प्रज्ञानं कपाळावर हात मारला. “हात्तिच्या. मीठ.”

तिचा चेहरा असा उजळला की छायाबाईंना पोरीच्या दहावीच्या निकालाचा दिवस आठवला. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “रंगाचं ऱ्हाऊ दे. भाकरी टाकते, जेवून घे.”

जेवताना प्रज्ञानं आईला मिठाचं सगळं समजावलं. रंगाच्या प्रत्येक रेणूवर धन भार असतो, म्हणून स्वच्छ पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलतात. सुटे राहतात आणि सुटे असेपर्यंत निळे दिसतात. पण पाण्यात मीठ कालवलं की मिठाचे भारित कण मध्ये येतात, ढकलाढकल ओसरते, आणि मग रेणूंना डीएनएची गरजच उरत नाही. ते आपले आपणच एकावर एक रचले जातात. शिडी नाही, खाच नाही, माणूस नाही, तरी रंग जांभळा. इस्पितळातल्या पोलादी ताटांवर कोणी मीठ सांडत नाही, म्हणून हे कधी दिसलं नाही. आणि लोणच्याच्या बरणीवर हा फवारा कोणी मारील, हे प्रयोगशाळेत कोणाच्या डोक्यात येणार?

“आपण जिंकलो, आई,” ती म्हणाली. “उद्या सगळ्यांसमोर दाखवते.”

“जिंकलो?” छायाबाईंनी विचारलं आणि तिच्या पानात आणखी अर्धी भाकरी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंब्यांच्या कारखान्यात, म्हणजे त्याच जुन्या परसात पत्र्याचं छप्पर टाकून केलेल्या शेडमध्ये, सगळ्या जमल्या. काम करणाऱ्या आठ-दहा बायका होत्या. वृंदाबाईंची सून रेवा होती. ती ग्राहकांसाठी मोबाइलवर कारखान्याचे व्हिडिओ काढायची. आणि स्वतः वृंदाबाई, डोळे सुजलेल्या.

“ये गं प्रज्ञा. किती वाळलीस! पन्हं घे आधी.” त्यांनी पेला पुढे केला आणि आवाज खाली आणला. “मला काय आनंद झालाय का? तीन दिवस अन्न गोड लागत नाहीये. आणि हे बघ, जातीबितीचं काही नाही हं यात. तू मला लहानपणापासून ओळखतेस. हात लागला की खार बिघडतो, मग तो कोणाचाही असो. मी माझ्या सुनेलासुद्धा त्या बरणीला हात लावू देत नाही.”

“सूनबाईंचा कप धाडला व्हता का?” छायाबाईंनी विचारलं.

वृंदाबाईंनी पन्ह्याचा दुसरा पेला भरला. रेवानं मोबाइलची काच पुसली. प्रज्ञाचं लक्ष नव्हतं, ती ताटं मांडत होती.

प्रयोग तिनं सुरेख केला. तिच्यावर कितीही राग आला, तरी हे नाकारता येत नाही. स्टीलची तीन ताटं घेतली, उकळत्या पाण्यानं धुतली. पहिल्यावर फवारा मारला, निळा राहिला. दुसऱ्याला छायाबाईंना हात लावायला सांगितला आणि फवारा मारला. क्षणभरानं चार बोटं आणि तळवा जांभळा उमटला. बायका पुढे सरकल्या. तिसऱ्या ताटासाठी मिठाची नवी पिशवी वृंदाबाईंना स्वतःच्या हातानं फोडायला लावली. त्यांनीच मीठ पाण्यात कालवलं, त्यांनीच ताटात ओतलं. छायाबाई दहा हात लांब उभ्या होत्या. प्रज्ञानं छायाबाईंच्या नावाची बाटली उचलली आणि फवारा मारला. सगळं ताट जांभळं झालं.

“अगं बया, मिठालाच धरलं की!” एक बाई म्हणाली आणि हशा पिकला.

प्रज्ञानं रंगाचं, मिठाचं पुन्हा सोप्या भाषेत सांगितलं. बुरशी का आली याचाही तिनं अंदाज केला. कैऱ्या धुवायचं नवं यंत्र आणलं होतं, त्यातून फोडी दमट निघत असणार. कोणीतरी म्हणालं, हो, ओल राहत होती खरी.

वृंदाबाई रडायलाच लागल्या. त्यांनी छायाबाईंचे दोन्ही हात धरले. “माझं मन मला सांगत होतं गं. छाया असं करणार नाही, मरेल पण करणार नाही. मला माफ कर.” त्या खरंच मनापासून रडत होत्या. ढोंग नव्हतं त्यात. ढोंग असतं तर छायाबाईंना सोपं गेलं असतं.

“ऱ्हाऊ द्या, वहिनी,” छायाबाई म्हणाल्या. बहुतेक त्या ते तिथंच सोडूनही देणार होत्या.

पण वृंदाबाईंनी डोळे पुसले आणि प्रज्ञाकडे वळून विचारलं, “पण काय गं, मग मिठावरही बरोबर चालेल असा रंग नाही का करता येणार? म्हणजे पुन्हा असा घोळ नको. खरं ते खरं आणि खोटं ते खोटं कळावं.”

शास्त्रज्ञ माणसाला एक खोड असते. त्याला कोडं घातलं की ते कोणी, कशासाठी घातलं हे तो विसरतो.

“येईल की मावशी!” प्रज्ञा म्हणाली. “अवघड नाही. रेणूच्या एकाच अंगाला एक जाडजूड फांदी लावायची. म्हणजे खाचेत दोघांची जोडी बसायला अडचण नाही, पण पाण्यात एकावर एक ढीग काही रचता येणार नाही. मीठ कितीही असू दे. डीएनए असेल तरच जांभळा, नसेल तर निळा.”

“म्हंजे मग,” छायाबाईंनी शांतपणे विचारलं, “बरणीला कुणी खरंच शिवलं असंल तर बरोब्बर दावंल?”

“अगदी बरोबर.”

“मिठाचं निमित्त ऱ्हाणार न्हाई.”

“मुळीच नाही.” प्रज्ञाच्या आवाजात अभिमान होता.

“प्रज्ञा.” छायाबाईंचा आवाज चढला नव्हता, पण शेडमधल्या बायका वळून पाहू लागल्या. “मी शिवले न्हाई, हे दावायला तू पुण्यास्नं आलीस. ताटं मांडलीस, समद्यांना शिकवलंस. मी शिवले असते तर काय केलं असतंस?”

प्रज्ञानं हातातली बाटली खाली ठेवली. तीन ताटं तिच्यासमोर होती. त्यातल्या एकातही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. आपण कालपासून एक गुन्हा मान्य करून बसलो आहोत आणि फक्त तो आईनं केला नाही एवढंच ओरडून सांगतो आहोत, हे तिला तेव्हा कळलं. आठ-दहा बायकांच्या देखत कळलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अगं छाया, असं काय बोलतेस?” वृंदाबाई म्हणाल्या. “मिटलं ना सगळं आता?”

छायाबाई चालू लागल्या. परस ओलांडून, पायरी चढून घरात गेल्या, आणि तीस वर्षं ज्या उंबऱ्याशी परात घेऊन उभ्या राहत होत्या तो ओलांडून आत. मागोमाग सगळ्या दाराशी गोळा झाल्या. छायाबाईंनी दादऱ्याची दोरी सोडली, फडकं घडी करून बाजूला ठेवलं आणि उजवा हात मनगटापर्यंत बरणीत घातला.

“अगं बरणी!” वृंदाबाई किंचाळल्या. “माझी बरणी!”

छायाबाईंच्या बोटांना चिरा होत्या, आणि आत मुरलेला खार, नुसतं मीठ आणि मोहरी. किती झोंबलं असेल ते ज्यानं कैरी फोडली आहे त्यालाच कळेल. त्यांचे डोळे भरून आले, पण हात त्यांनी लगेच काढला नाही. त्या वृंदाबाईंच्या तोंडाकडे पाहत होत्या. वृंदाबाई बरणीकडे पाहत होत्या. दाराशी जमलेल्या बायकांपैकी एकीनं “आगं, हात!” म्हटलं, तेवढंच.

मग छायाबाईंनी हात बाहेर काढला आणि खार ठिबकत असलेला तो हात पुढे धरला.

“मारा आता फवारा, वहिनी. आता खरं येईल.”

कोणी फवारा मारला नाही. छायाबाई परसातल्या नळावर गेल्या. प्रज्ञा मागे धावली, “आई, अगं ऐक तरी,” म्हणत.

“बोलू नगंस. आधी नळ सोड,” छायाबाई म्हणाल्या.

बरणी त्याच दिवशी लिंबाच्या झाडाखाली ओतून टाकली, हे नंतर शेजारच्या बाईकडून समजलं. वृंदाबाईंनी स्वतः ओतली नाही, सुनेला ओतायला सांगितली. त्या दोन दिवस अंथरुणाला खिळून होत्या म्हणे. मग दोनदा निरोप आला, छायाला म्हणावं, झालं गेलं विसरून ये. छायाबाई गेल्या नाहीत. त्यांनी त्यानंतर लोणचं घातलं नाही, दुसऱ्याकडे नाही आणि घरीही नाही.

प्रज्ञानं पुण्याला जाऊन हर्षलला सांगितलं की खूण मिठावर चालत नाही, चालवता येणार नाही, तेव्हा घरगुती विक्री बंद करा. आयुष्यात तिनं रसायनाबद्दल बोललेलं हे पहिलं खोटं. हर्षलनं ते ऐकून घेतलं आणि मोबाइल पुढे केला.

त्यावर रेवाचा व्हिडिओ होता. बुरशीमुळे बदनाम झालेलं लोणच्याचं नाव सावरायला तिनं तो त्याच संध्याकाळी टाकला होता. छायाबाई परसातून चालू लागतात तिथेच तो कापला होता. त्याच्या आधीचं सगळं त्यात होतं. तीन ताटं, हशा, रडणं, माफी आणि हसऱ्या चेहऱ्यानं सांगणारी डॉ. प्रज्ञा: एकाच अंगाला एक जाडजूड फांदी लावायची. वर रेवानं लिहिलं होतं, ‘आमच्या घरचीच लेक’. लाखो लोकांनी तो पाहिला होता.

“तुम्ही फारच सोपं करून सांगता, मॅडम,” हर्षल कौतुकानं म्हणाला. “नवीन लागलेल्या दोघांना मी तेवढंच ऐकवलं. त्यांनी रेणू बनवायला घेतलाही. आणि काळजी करू नका, श्रेय तुमचंच. त्या बाबतीत कंपनी अगदी काटेकोर आहे.”

प्रज्ञानं भांडण केलं. वकील गाठला. वकिलानं नोकरीच्या अटी वाचल्या आणि चष्मा काढून ठेवला. नोकरीत असताना सुचलेलं सगळं कंपनीचं, मग ते प्रयोगशाळेत सुचलेलं असो की लोणच्याच्या शेडमध्ये. तिनं राजीनामा दिला. तो लगेच मंजूर झाला. निरोपसमारंभात हर्षलनं भाषण केलं आणि एका साध्या घरातल्या मुलीनं केवढी झेप घेतली ते सगळ्यांना सांगितलं.

आता ती कऱ्हाडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मायलेकी एकत्र राहतात. त्या सकाळबद्दल दोघी बोलत नाहीत. एकदा प्रज्ञानं “आई, माझं चुकलं” असं म्हणायचा प्रयत्न केला, तर छायाबाई म्हणाल्या, “तुला येतंय ते तू केलंस,” आणि टीव्हीचा आवाज वाढवला. याचा अर्थ माफ केलं असा की नाही, ते प्रज्ञाला कळलं नाही. आणि विचारायचं धैर्य तिला अजून झालेलं नाही.

दिवाळीच्या सुमारास छायाबाई रक्तदाबाच्या गोळ्या आणायला चौकातल्या औषधांच्या दुकानात गेल्या. परत आल्या तेव्हा पिशवीत गोळ्यांबरोबर एक डबा होता. बाटली काढून घेतलेला रिकामा डबा, दुकानदाराकडून मागून आणलेला. त्यांनी तो प्रज्ञासमोर टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचू लागल्या.

“खूण. स्वयंपाकघरासाठी खास. मीठ, लोणचं, पापड, कशावरही अचूक.” मग डबा जरा उजेडाकडे धरला. खालची ओळ बारीक नव्हती, चांगली ठसठशीत सोनेरी होती. “संशोधक, डॉ. प्रज्ञा छाया ओव्हाळ. माझं बी नाव घातलंय गं.”

“मी कागदोपत्री तसंच लिहिते, आई. नेहमीच.”

“लोक हा डबा कुठं ठेवत असतील?”

प्रज्ञाला मान वर करवेना. “स्वयंपाकघरात. फडताळात.” मग ती म्हणाली, “काही जण देवघरात.”

छायाबाईंनी डबा पुन्हा एकदा फिरवून पाहिला आणि खाली ठेवला.

“म्हंजे नाव चालतं त्यास्नी,” त्या म्हणाल्या.